माझ्या रोड बाइकचे शिफ्टर: आषाढीपासून नवरात्रापर्यंत

२०२५ च्या ६ जुलैला आषाढी एकादशी होती आणि नेमका रविवार. डिचोलीहून निघून कारापूरला विठ्ठलापूरच्या देवळात जायचं आणि उन्हं चढायच्या आत परतायचं, एवढाच बेत होता. रात्रभर पडून पाऊस सकाळी थांबला होता. दर्शन झालं. परतीच्या पहिल्याच चढावर उजव्या हाताचा लिव्हर आत ढकलला आणि तो पोकळ गेला. टिचकीचा आवाज नाही, बोटाला काही लागल्याची जाणीव नाही. त्याच क्षणी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर जाऊन बसली. म्हणजे सगळ्यात जड गिअर, समोर चढ आणि रस्ता ओला. उतरून चालत गेले.

त्या दिवसापासून नवे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायच्या कळा, बसेपर्यंत बारा आठवडे लागले. त्यातले निदान पाच मला माहिती नव्हती म्हणून गेले. ते दुसऱ्या कुणाचे वाचावेत म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी साखळीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. सायकल रविवारची. २०१८ साली फोंड्याच्या एका गृहस्थांकडून १८ हजारांना जुनी रोड बाइक घेतली होती. पुढे दोन दातेरी चक्रं, मागे आठ, ब्रेक कॅलिपरचे, म्हणजे चाकाची कड चिमट्यासारखी धरणारे. ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते, रोड बाइकचा शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरमध्येच असतो. लिव्हर मागे ओढला की ब्रेक लागतो, तोच आतल्या बाजूला ढकलला की उजव्या हाताचा गिअर हलका होतो आणि त्याच्यामागचा छोटा लिव्हर दाबला की जड. सगळी यंत्रणा मुठीएवढ्या जागेत, रबरी हुडाखाली. त्यामुळे बिघाड दिसत नाही, फक्त जाणवतो.

शनिवारी, १२ जुलैला, दादाच्या पिकअपमध्ये सायकल टाकून म्हापशाच्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी हूड मागे सरकवून टॉर्च मारला आणि लगेच दाखवलं: गिअरची वायर शिफ्टरच्या आत, डोक्यापाशीच तुटली होती. तिथे वायर लहानशा चाकाभोवती वळते. प्रत्येक टिचकीला तीच जागा वाकते आणि तारेचा एकेक धागा तुटत जातो. खाऱ्या हवेत आणि आमच्याकडच्या खाणीच्या तांबड्या धुळीत ते लवकर होतं. गेले महिनाभर गिअर अडखळत होता, कधी एका टिचकीला पडायचा नाही, ती या तुटण्याचीच चिन्हं होती. मी ती ॲडजस्टमेंटची गडबड समजून मागचा स्क्रू फिरवत राहिले होते. तुमचा मागचा गिअर असा अचानक लहरी झाला तर आधी हूड उचलून वायरीचं डोकं बघा. दोन-तीन धागे सुटलेले दिसले तर त्याच दिवशी वायर बदला.

मेस्त्रींनी सुईने डोकं बाहेर काढलं, आत डिग्रीझर मारून जुनं घट्ट झालेलं ग्रीस धुतलं, हलकं तेल सोडलं, नवी वायर ओवली. मजुरी ३०० आणि वायरीचे १५०. एक युक्तीही सांगितली. वाटेत वायर तुटली तर मागच्या डिरेल्युअरवरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एच अक्षर असलेला स्क्रू आत पिळायचा. मग चेन सगळ्यात लहान चक्रावर न बसता एखाद-दुसऱ्या चक्राने आत राहते आणि निदान सपाटीवर पाय मारत घरी येता येतं. त्यासाठी लागणारा छोटा स्क्रूड्रायव्हर तेव्हापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत असतो.

गिअर छान पडू लागले. बरोबर दोन आठवडे. २६ जुलैला तोच लिव्हर पुन्हा पोकळ गेला, आणि या वेळी वायर शाबूत होती. पुन्हा म्हापसा, पुन्हा डिग्रीझर. दहापैकी सहा वेळा टिचकी लागायची, चार वेळा नाही. मेस्त्रींनी मान हलवली. "टीचर, हें जावचें ना." म्हणजे हे होणार नाही. आतले दात झिजले असावेत, उघडलं तर परत जुळेलच असं नाही, नवा शिफ्टर बघा, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ते पटलं. या निष्कर्षाकडे मी शेवटी परत येणार आहे.

नवा शिफ्टर लगेच मिळणार नव्हता आणि मला सायकल बंद ठेवायची नव्हती. यावर डिचोलीतल्याच साध्या दुकानात उपाय सापडला. तिथे पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, सायकलींचे पंक्चर निघतात, लहान मुलांच्या सायकली दुरुस्त होतात. जुन्या पद्धतीचा एक फ्रिक्शन लिव्हर त्यांच्या डब्यात पडून होता. त्याला टिचक्या नसतात. तो नुसता घर्षणावर थांबतो, त्यामुळे मागे सात चक्रं असोत की दहा, त्याला फरक पडत नाही. २२० रुपयांचा लिव्हर, ८० बसवायचे. तो हँडलच्या मधल्या दांड्यावर लावला, मागच्या डिरेल्युअरची वायर त्यात घातली आणि ब्रेक पूर्वीच्याच लिव्हरवर ठेवला, कारण शिफ्टर बिघडला तरी ब्रेकचा भाग वेगळा आणि धडधाकट असतो. गिअर बदलताना एक हात काढावा लागतो, चेन चक्रावर नीट बसली की नाही हे कानाने ओळखावं लागतं. आठवड्याभरात सवय झाली. या ३०० रुपयांमुळे मला घाई उरली नाही, आणि घाईत वस्तू घेतली असती तर काय झालं असतं ते पुढे कळेलच.

ऑगस्टचा पहिला आठवडा मी मोजमापात घालवला. माझ्या डोक्यात प्रश्न होता, स्वस्त शिफ्टर कुठला? खरा प्रश्न असा की माझ्या सायकलवर जे आधीपासून आहे त्याच्याशी कुठला शिफ्टर जुळतो. हिशेब समजला की अर्धे पर्याय आपोआप गळतात. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या मागच्या डिरेल्युअरला वायर १ मिलिमीटर ओढली की तो साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांचा संच) एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंत ४.८ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे एका टिचकीला वायर सुमारे २.८ मिलिमीटर ओढली गेली पाहिजे. नऊ चक्रांत ते अंतर साधारण ४.३५ वर येतं. त्यामुळे नऊचा शिफ्टर आठच्या कॅसेटवर लावला तर पहिल्या टिचकीला जेमतेम चालेल, तिसऱ्या-चौथ्याला चेन दोन चक्रांच्या मध्ये घासत राहील. वर्गात फळ्यावर मांडावं इतकं हे सरळ गणित आहे.

मग माझ्यासमोर काय काय होतं? शिमानोच्या मालिकांत सगळ्यात स्वस्त सात गिअरची टूर्नीची जोडी, तीन-साडेतीन हजारांच्या आसपास. पण सातचा शिफ्टर लावून आठवं चक्र वाया घालवायचं, आणि त्यात गिअर जड करायला हुडाच्या आतल्या अंगाला अंगठ्याचं बटण असतं. हात हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, ड्रॉपवर, असताना माझा अंगठा तिथे पोचत नाही. दुसरी क्लॅरिस, आठ गिअरची, म्हणजे माझ्याच कॅसेटची. तिसरी सोरा, नऊ गिअरची. मागचा डिरेल्युअर तोच चालतो, हबही तोच चालतो, कारण आठ, नऊ आणि दहाच्या कॅसेट एकाच हबवर बसतात. पण कॅसेट आणि चेन नवी घ्यावी लागते. मला सांगितलेले भाव धरून बेरीज साडेचौदा हजारांवर गेली. एका जास्तीच्या चक्रासाठी इतके पैसे माझ्याच्याने देववले नाहीत. टियाग्रा ४७०० चा विचारही करू नये, कारण तिची वायर ओढण्याची मापं वेगळी आहेत, जुना डिरेल्युअर तिच्याशी जुळत नाही. आणि मायक्रोशिफ्ट या दुसऱ्या कंपनीची आठ गिअरची जोडी, साडेसहा हजार.

मायक्रोशिफ्टने मला बराच काळ मोहात ठेवलं होतं. त्यात ब्रेकचा लिव्हर बाजूला हलत नाही, त्याच्यामागे दोन छोटे लिव्हर असतात, एक हलक्या गिअरसाठी आणि एक जड गिअरसाठी. ३ ऑगस्टच्या रविवारी नार्वेला दिवाडीच्या फेरीबोटीची वाट बघत असताना आमच्या चमूतल्या एका मुलाने त्याची सायकल फिरवायला दिली. सप्तकोटेश्वराच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. मऊ, स्वच्छ टिचकी. पण माझे हात लहान आहेत, आणि पावसाळी हातमोजे घातले की दोन लिव्हरांतला नेमका कुठला दाबते आहे ते मला कळेना. दोनदा चढावर गिअर हलका करायचा तर जड केला. ज्याची बोटं लांब आहेत किंवा जो पावसात फिरत नाही त्याने ती जोडी जरूर बघावी. दुसऱ्या एका ताईंच्या सायकलवर क्लॅरिस होती. तिचं हूड मुठीत बसलं आणि ब्रेक दोन बोटांनी पूर्ण दाबता आला. निवड तिथे फेरीच्या धक्क्यावरच झाली. शिफ्टर न धरता घेऊ नका एवढं कळकळीने सांगते. गोव्यात रविवारी सकाळी कुठल्याही फेरीच्या धक्क्यावर दोन-चार रोड बाइकवाले भेटतातच, आणि सायकल हातात द्यायला ते आनंदाने तयार असतात.

(चिनी कंपन्यांच्या आणखी स्वस्त जोड्याही लोक मागवतात. कस्टम्स, ओळखपत्राची कागदपत्रं, परत पाठवायची सोय नाही आणि एखादा छोटा भाग मोडला तर म्हापशात काय, बेळगावातही मिळणार नाही. मी त्या वाटेला गेले नाही.)

९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेच्या दिवशी, एका ऑनलाइन विक्रेत्याकडे क्लॅरिसची जोडी ७,६५० रुपयांना दिसली आणि मी पैसे भरले. १६ तारखेला पार्सल आलं. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. ही सवय मला एका सहकाऱ्याने लावली होती आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. उजवा लिव्हर बरोबर. डावा हातात घेऊन टिचक्या मोजल्या तर एक जास्त निघाली. खोक्यावर आणि लिव्हरवर बघितलं: उजव्यावर एसटी-आर२०००, डाव्यावर एसटी-आर२०३०. २०३० म्हणजे पुढे तीन चक्रं असलेल्या सायकलीचा डावा शिफ्टर. माझ्या पुढे दोनच आहेत. विक्रेत्याच्या पानावर आकडा लिहिलेलाच नव्हता, नुसतं 'क्लॅरिस शिफ्टर जोडी'. मीही विचारला नव्हता. उजव्या शिफ्टरला मागची चक्रं मोजतात तशी डाव्याला पुढची मोजावी लागतात, हे मला पार्सल उघडल्यावर समजलं.

परत करण्याचा अर्ज त्याच दिवशी भरला. कारण विचारलं, 'चुकीची वस्तू' निवडलं, व्हिडिओ आणि चार फोटो जोडले. उत्तर आलं की आमच्या पिनकोडवरून माल उचलायची सोय नाही, तुम्ही स्वतः पाठवा आणि पावती अपलोड करा. सोमवारी, १८ ऑगस्टला, शाळा सुटल्यावर डिचोलीच्या पोस्टात गेले. स्पीड पोस्टचे १९० रुपये. काउंटरवरच्या बाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं तेव्हा वजनाच्या आकड्याचा फोटो काढायची परवानगी मागितली, त्यांनी हसून दिली. पावतीची झेरॉक्सही तिथेच समोरच्या दुकानात काढून घेतली, कारण त्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते.

नंतर नुसती वाट. २१ ला पार्सल पोचल्याची नोंद दिसली, पण पैशांचं नाव नाही. २७ ला गणेश चवथ. माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची होती, पाहुणे होते, आठ दिवस मी कुणाला फोन केला नाही, आणि केला असता तरी कुणी उचलला नसता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन ईमेल लिहिली. दुसऱ्या ईमेलला 'पाहणी चालू आहे' एवढंच उत्तर. तिसऱ्यात अर्जाचा क्रमांक, पोस्टाच्या पावतीचा क्रमांक, पोचल्याची तारीख आणि वजनाचा फोटो हे सगळं एकाच जागी दिलं. १० सप्टेंबरला पैसे खात्यात आले. पोस्टात टाकल्यापासून तेवीस दिवस. साडेसात हजार म्हणजे मला लहान रक्कम नाही. त्या दिवसांत रात्री दोनदा उठून बँकेचं ॲप उघडल्याचं आठवतं.

मग ठरवलं की थोडे जास्त गेले तरी चालतील, पण समोर बसलेल्या माणसाकडून घ्यायचं. १३ सप्टेंबरला सायकल घेऊनच पणजीच्या एका विक्रेत्याकडे गेले. त्यांनी आधी सायकल स्टँडवर चढवली, मागची चक्रं मोजली, पुढची मोजली, ब्रेक बघितले. म्हणाले, कॅलिपर आहे म्हणून ठीक, व्ही-ब्रेक असता तर हे लिव्हर चालले नसते, कारण व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते. पुढचा डिरेल्युअर गंजून ताठ झाला होता. तो त्याच सिरीजचा घेतला तर डाव्या शिफ्टरशी झटापट होणार नाही, असा सल्ला त्यांनी दिला. तो फ्रेमच्या नळीला पट्ट्याने आवळायचा प्रकार होता, म्हणजे नळीचा व्यास हवा. व्यास मोजायचा व्हर्निअर कॅलिपर जवळ नव्हता तेव्हा त्यांनी नळीभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर ठेवला: १० सेंटिमीटर. म्हणजे ३१.८ मिलिमीटरचा पट्टा. ९ आला असता तर २८.६ आणि ११ आला असता तर ३४.९. परिघाला पायने भागलं, झालं. हे उदाहरण मी आता आठवीला देते.

जोडीची किंमत त्यांनी करासकट ८,९६० सांगितली आणि लगेच म्हणाले, "टीचर, दहा दिवस थांबा." जीएसटी परिषदेचा निर्णय नुकताच आला होता. २२ सप्टेंबरपासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार होता. मूळ किंमत ८,००० धरली की ८,४०० होतात. आपलं गिऱ्हाईक हातचं जाण्याचा धोका पत्करून त्यांनी हे सांगितलं, म्हणून मी बाकीचं सगळं सामानही त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलं. २२ ला घटस्थापना होती. बिल २३ तारखेचं झालं, त्यावर दोन्ही लिव्हरांचे नंबर आणि करांची फोड आहे. ते बिल वॉरंटीसाठी जपून ठेवलं आहे.

२७ तारखेच्या शनिवारी सायकल बसवायला दिली आणि चार तास तिथेच स्टुलावर बसून बघत राहिले. माझ्या जुन्या शिफ्टरमधून गिअरची वायर बाजूने बाहेर यायची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. नव्यात ती बार टेपच्या, म्हणजे हँडलवर गुंडाळलेल्या पट्टीच्या, खालून जाते. म्हणून टेप काढावीच लागते आणि आउटरही, म्हणजे वायर ज्यातून जाते त्या नळ्याही, नवे लागतात. शिफ्टरचं बजेट करताना हा खर्च कुणी धरत नाही. आउटरबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये त्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्या असतात. गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोराच्या ब्रेकला ते फाटू शकतं. साध्या दुकानात दोन्ही काळ्या नळ्या एकाच खिळ्याला टांगलेल्या असतात, तेव्हा कापलेलं टोक डोळ्यांनी बघून घ्या. आतली वायर स्टेनलेस मागा, गिअरची १.२ मिलिमीटरची. आपल्या हवेत गॅल्व्हनाइज्ड एका पावसाळ्यात खरखरीत होते.

शिफ्टरचे ८,४००, पुढच्या डिरेल्युअरचे १,२६०, वायरी आणि आउटर ९००, टेप ५५०, मजुरी ८००. मिळून ११,९१०. आधीच्या दुरुस्त्या, फ्रिक्शन लिव्हर आणि पोस्ट धरून पूर्ण प्रकरणाला १२,८५० लागले.

घरी सायकलनेच आले. रायबंदरला फेरी धरली, चोडणला उतरले, तिथून मये. मयेच्या चढावर उजवा लिव्हर आत ढकलला आणि टिचकी बोटाला लागली. पुन्हा ढकलला, पुन्हा लागली. नऊ आठवड्यांनी दोन्ही हात हँडलवर ठेवून गिअर बदलला होता. घशाशी काहीतरी आलं, खोटं कशाला सांगू. नवी वायर दोन-तीन आठवड्यांत आउटरमध्ये बसते आणि थोडी सैल होते. १२ ऑक्टोबरला मागच्या डिरेल्युअरजवळचं ॲडजस्टर अर्धा फेरा सोडून ती ताणून घेतली. तेवढं घरी जमतं.

जुना उजवा शिफ्टर मी टाकला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात नेला. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारं दातेरी चाक, ते मुलांना हातात घेऊन बघता यावं म्हणून. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सर्क्लिप नावाच्या कड्या काढल्या, एकेक भाग क्रमाने मांडला. दात झिजलेले दिसतील अशा अपेक्षेने मी भिंग आणलं होतं. दात चांगले होते. पहिल्या बाकावरच्या मुलाने चिमट्याने, दातात अडकून चाक धरून ठेवणाऱ्या खिट्टीच्या मुळातून काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवून मला दाखवलं: वायरीचा तुटलेला एक धागा, चार-पाच मिलिमीटरचा, वाकडा. तो खिट्टीखाली अडकला होता, म्हणून ती कधी दातात बसायची आणि कधी नाही.

नव्या शिफ्टरमधली वायर मी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, ती धड असतानाच बदलणार आहे. तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. तो धागा चिकटपट्टीने प्रयोगवहीत लावून ठेवला आहे, शेजारी मुलांनी काढलेली रॅचेटची आकृती आहे.